दादाच्या घरचा पत्ता

“तुम्ही कुठे राहता?” लायसनच्या ऑफिसात काउंटरपलीकडच्या बाईनं विचारलं. छातीवरच्या पट्टीवर तिचं नाव होतं, डेनिस.

मी पत्ता सांगितला. घराचा नंबर, रस्ता, गाव, पिनकोड. सगळा धडाधडा. त्या घराच्या दारातलं बर्फ दीड वर्ष मीच फावड्यानं ओढत होते. पत्ता पाठ नसायला काय झालं?

“त्याचा पुरावा? विजेचं बिल, भाडेकरार, बँकेचं पत्र, काहीही चालेल. तुमच्या नावाचं.”

“माझ्या नावाचं काही नाही. भावाचं घर आहे.” मी शेजारी बोट दाखवलं. “हा भाऊ.”

डेनिसच्या कपाळावरची आठी गेली. “मग सोपं आहे.” तिनं खणातून एक फॉर्म काढून दादासमोर सरकवला. “ही बाई माझ्या घरी राहते, एवढंच लिहून सही करा. मी नोटरी आहे, आत्ता शिक्का मारते. लगेच हिचे डोळे तपासू, परीक्षेला बसवू.”

दादानं फॉर्म वाचला. परत वाचला. मग त्याच्या तीन घड्या केल्या आणि कोटाच्या आतल्या खिशात घातला.

“आत्ता माझी मीटिंग आहे,” तो म्हणाला. “नंतर बघू.”

शनिवार होता त्या दिवशी.

गाडीत मी मागं बसले. पुढच्या सीटवर दादाची लॅपटॉपची बॅग होती. तिला पट्टासुद्धा लावलेला होता. ती बॅग कायम पुढं बसायची आणि मी कायम मागं.

“कसली मीटिंग रे दादा, शनिवारची?”

“तुला नाही कळायचं ते.”

“फॉर्म कळला मला. एका सहीचं काम होतं.”

“मालन, इथं सही म्हणजे सही असते. आपल्या गावासारखं नाही, कुणीही यावं नि अंगठा मारून जावं.”

आरशात त्याचे डोळे दिसत होते. तो माझ्याकडं बघत नव्हता.

आता मी कोण ते सांगते. कऱ्हाडच्या पलीकडं आमचं गाव. माझा नवरा संपत दुधाचा टेम्पो चालवायचा, गावोगावचं दूध गोळा करून डेअरीला घालायचा. तो काविळीनं गेला. दीर म्हणाले टेम्पो विकून टाक. मी विकला नाही, स्वतः चालवला. समोरून ट्रकवाला यायचा, बाई बघून मुद्दाम मधोमध गाडी घालायचा. मीही माझी हलवायचे नाही. शिव्या देत का होईना, तोच मागं सरायचा. दुधाची एक किटली माझ्या हातून कधी सांडली नाही.

दादा, म्हणजे दिगंबर शेवाळे, माझा सख्खा मोठा भाऊ. तो अमेरिकेत इंजिनियर. संपत गेला तेव्हा आईनं त्याच्याकडून वचन घेतलं, की मालनला तिकडं ने. त्यानं फाईल टाकली. ती फाईल हलेपर्यंत आईही गेली. मग एक दिवस कागद आले, टेम्पो विकला आणि मी फेअरब्रूक नावाच्या गावात येऊन पडले. चहूकडं मका. बस नाही, रिक्षा नाही, रस्त्याच्या कडेला पाय ठेवायला फूटपाथ नाही. ज्याच्या हातात गाडी नाही त्याला तिथं माणसात धरत नाहीत.

दादाच्या घरी मी तळघरात राहायचे. सकाळी दोन्ही पुतण्यांचे डबे, मग दादा-वहिनीचे. मग भांडी, कपडे, बाथरूम, गराज. महाराष्ट्र मंडळाचं जेवण असलं की माझ्या हातच्या पुरणपोळ्या उज्ज्वला वहिनीच्या नावानं टेबलावर लागायच्या. बायका म्हणायच्या, “उज्ज्वला, काय हात आहे गं तुझा!” वहिनी लाजायची. मी शेजारी कागदाच्या ताटल्या वाटत असायचे.

तरी माझं काही म्हणणं नव्हतं. भावाचं घर. करायचं असतं.

गाडीचा विषय हँकमुळं निघाला. हँक म्हणजे घरापासून दोन मैलांवर रोपवाटिका असलेला म्हातारा. मी कोथिंबिरीचं बी आणायला चालत गेले होते. त्याच्या फाटकात एक पिकअप ट्रॉलीसकट आडवा अडकला होता. चालवणारा पोरगेला गडी घाम पुसत उभा, आणि हँक डोक्याला हात लावून. मी बघत होते. बघवेना. “मी काढू?” म्हटलं. हँकनं मला वरून खालपर्यंत बघितलं. पंजाबी ड्रेस, वर संपतचं जाकीट, पायात दादाचे जुने बूट. पण किल्ली दिली. मी ट्रॉली सरळ करून मागं मागं घेत थेट शेडमध्ये नेऊन लावली. आमच्या डेअरीचं फाटक ह्याच्याहून अरुंद होतं.

“लायसन आहे?” हँकनं विचारलं.

“इंडियाचं आहे.”

“इथलं काढ. मार्चमध्ये माझा हंगाम सुरू होतो, रोपं पोचवायला माणूस लागतो. तोवर जागा धरून ठेवतो. पुढं नाही धरता येणार.”

म्हणून मी दादाच्या मागं लागून डेनिसच्या काउंटरपर्यंत पोचले होते. आणि दादाला मीटिंग होती.

मी दुसरे दरवाजे ठोठावले. बँकेत गेले, खातं उघडा म्हटलं. बँक म्हणाली, पत्त्याचा पुरावा आणा. फोन दादाच्या नावावर, वीज दादाच्या नावावर, पाणी दादाच्या नावावर. सरकारचं माझ्या नावानं आलेलं एकच पाकीट, ग्रीन कार्डाचं. कार्ड माझ्याकडं होतं, पण पत्ता असलेलं पाकीट वहिनीनं केव्हाच रद्दीच्या डब्यात टाकलेलं. त्या घरात मी सोडून प्रत्येक गोष्टीचा कुठं ना कुठं कागद होता. कुत्र्याचासुद्धा होता. त्याच्या पट्ट्यावर नगरपालिकेचा बिल्ला होता, त्यावर नंबर.

शेवटी वहिनीलाच धरलं. ती ओट्यापाशी कॉफी ओतून घेत होती.

“वहिनी, दादाला सांगा ना सही करायला.”

“वन्सं, तुम्हाला जायचं असतं तरी कुठं हो? सांगत जा. सोडते की मी.”

“मला कामाला जायचंय.”

“घरात काय काम कमी आहे का?” ती म्हणाली, आणि जीभ चावली. मग कप खाली ठेवून जवळ आली. आवाज एकदम मऊ. “असं बघा. आमच्या वकिलानं सांगितलंय. घरात राहणाऱ्या माणसाला इथं राहतो म्हणून लिहून दिलं, की त्याचा हक्क होतो. मग काढायचं म्हटलं तर कोर्टात जावं लागतं.”

“मला काढायचंय का?”

“तसं नाही हो! पण उद्या काही झालं तर. पाहुणा असला म्हणजे तो प्रश्न येत नाही.”

“मी पाहुणी आहे?”

“आता शब्दात नका धरू, वन्सं.”

पाहुणी! मी ओट्यावरचं फडकं उचललं आणि तिच्या कॉफीचे सांडलेले थेंब पुसले. हाताला सवय लागली होती. पुसून झाल्यावर मला माझाच इतका राग आला, की ते फडकं मी सिंकमध्ये आपटलं. कुठल्या गावात पाहुणीला संडास घासायला लावतात? पाहुण्याला निघताना थांबा म्हणतात, हातावर काहीतरी ठेवतात. मला ही माणसं पाहुणी म्हणत होती ती एकाच कारणासाठी, वेळ आली तर विनासायास हाकलता यावं म्हणून. आणि ते वकिलाला विचारून ठरवलं होतं. मी येण्याआधी विचारलं की आल्यावर, एवढंच मला माहीत नव्हतं.

हँककडं जाऊन सांगितलं, कागद मिळत नाही. त्यानं टोपी काढून परत घातली. “भावाचं घर आहे म्हणालीस ना?”

“हो.”

“मग?”

लाज मला वाटत होती. वाटायला पाहिजे होती कुणाला, आणि वाटत होती कुणाला!

फेब्रुवारी संपत आला. एका रविवारी सकाळी दादा तळघराचा जिना उतरून खाली आला. हातात चहाचे दोन कप. दादानं चहा केला होता. मी त्याला कपभर पाणीसुद्धा कधी गरम करताना बघितलेलं नव्हतं. मी उठून उभी राहिले. वाटलं, कुणीतरी गेलं.

“बस, बस,” तो म्हणाला. स्वतः माझ्या पलंगाच्या कडेला टेकला. चहात साखर नव्हती. मी तशीच प्याले.

“गावाकडून फोन आला होता. बायपास होतोय. बाबांच्या नदीकाठच्या जमिनीला गिऱ्हाईक आलंय.”

“चांगलं झालं की.”

“सातबाऱ्यावर तुझंपण नाव आहे.”

“माहितीय. आई गेल्यावर तलाठ्यानं चढवलं.”

“ते काढावं लागेल. म्हणजे तू हक्क सोडलास असा एक कागद करायचा. इथं नोटरीसमोर सही, मग आपल्या वकिलातीचा शिक्का. नुसती फॉर्मॅलिटी गं. बहिणी सोडतातच. आत्यानं बाबांसाठी सोडला, शालनमावशीनं मामांसाठी सोडला.” मग थोडं थांबून, “साडी घेतो तुला. पैठणी घे. म्हणशील ती.”

मी “बरं” म्हटलं.

हे मी खोटं सांगणार नाही. मी मनापासून बरं म्हटलं होतं. आमच्याकडं बहिणीनं वाटा मागितला की माहेर तुटतं, हे कळत्या वयापासून कानावर पडलेलं. आत्या सही करून आली तेव्हा तिला बाबांनी हिरवी साडी नेसवली होती. ती ती साडी सगळ्यांना दाखवत गावभर हिंडली होती. आणि खरं म्हणजे जमिनीचा मला लोभ नव्हता. आदल्या वर्षी दादानं मागितली असती, तर पोळ्या लाटता लाटता पिठाच्या हातानं मी सही केली असती.

दुसऱ्या दिवशी त्यानं कामावरून सुट्टी काढली. सोमवारी! एकही मीटिंग नाही. आणि मला म्हणाला, “पुढं बस.” बॅग मागं गेली.

नोटरी एका पार्सलं पाठवायच्या दुकानात बसायची. दुकानांची एक लांबलचक बैठी रांग, पुढं गाड्या लावायचं पटांगण. एका टोकाला पार्सलवाला, मध्ये पिझ्झावाला, कपडे धुण्याचं दुकान, आणि दुसऱ्या टोकाला लायसनचं ऑफिस, डेनिसचं. गाडीतून उतरल्या उतरल्या मला त्याची पाटी दिसली. दादालाही दिसली असणार. तो भराभर दुकानात शिरला.

नोटरीचं नाव रोझा. आडव्या अंगाची, मोठ्यानं बोलणारी बाई. तिनं माझा पासपोर्ट बघितला, ग्रीन कार्ड बघितलं. दादानं फाईल उघडली.

“दोन कागद आहेत,” तो म्हणाला. “वकिलातीला हिचा इथला पत्ता लागतो. तिच्या नावाचं बिल नाही. म्हणून आधी माझं शपथपत्र, मग तिची सही.”

रोझानं पहिला कागद उचलला आणि तिच्या सवयीनं मोठ्यानं वाचला. मी, दिगंबर शेवाळे, शपथेवर लिहून देतो, की माझी सख्खी बहीण मालन खराडे ही माझ्या मालकीच्या घरात गेल्या दीड वर्षापासून कायमची राहते. पुढं पत्ता. मला पाठ असलेला, नंबरासकट. सोबत विजेचं बिल जोडलेलं.

सख्खी. कायमची. दादानं घरी बसून, स्वतःच्या हातानं टाइप केलं होतं हे.

“खरं आहे का हे सगळं?” रोझानं विचारलं.

“अर्थात,” दादा म्हणाला, आणि स्वतःच्या खिशातलं पेन काढून सही केली. वाचायलासुद्धा थांबला नाही. वकिलाला फोन केला नाही, बायकोला विचारलं नाही. रोझानं दाणकन शिक्का मारला.

सगळं मिळून दोन चहा होतील एवढासुद्धा वेळ लागला नाही. त्या सहीसाठी मी बँकेच्या दारात उभी राहिले होते, थंडीत दोन-दोन मैल चालले होते, वहिनीच्या तोंडून पाहुणी हा शब्द ऐकला होता. आणि ती सही ह्याच्या खिशात होती. रोज होती. माझ्यासाठी ती निघत नव्हती. माझं नाव जमिनीवरून पुसायचं म्हटल्याबरोबर ती आपसूक बाहेर आली. मी कुठं राहते हे सांगायला तो तयार झाला, ते माझं कुठंच काही राहू नये म्हणून.

रोझानं दुसरा कागद माझ्यासमोर ठेवला. वर मराठी, खाली इंग्रजी. दादानं त्याचं पेन माझ्या हातात दिलं. पेन त्याच्या मुठीनं गरम झालेलं होतं.

“बाई, ह्यात काय लिहिलंय ते माहीत आहे तुम्हाला?”

“माहीत आहे. वडिलांची जमीन. माझा वाटा भावाला.”

“आणि सही तुमच्या मर्जीनं करताय ना?”

माझं इंग्रजी मोडकंतोडकं, पण एक शब्द पक्का होता.

“नो,” मी म्हटलं.

दादा हसला. रोझाकडं बघून म्हणाला, “तिला इंग्रजी नीट कळत नाही.” मग मराठीत, दात आवळून, “यस म्हण, मालन.”

“काय विचारलं ते कळलंय मला.” आणि रोझाला पुन्हा, “नो. माझी मर्जी नाही.”

रोझानं हातातला शिक्का डबीत ठेवला आणि डबीचं झाकण लावलं. “मग मला हे करता येणार नाही, सर.”

“काय चाललंय तुझं?” दादा कुजबुजत ओरडत होता. “चारचौघांत तमाशा करू नकोस. कर सही.”

“दादा, इथं सही म्हणजे सही असते. तूच म्हणालास.”

मी पेन टेबलावर ठेवलं. पासपोर्ट उचलला, ग्रीन कार्ड उचललं, आणि तो पहिला कागद, शिक्का मारलेला, बिलासकट उचलला.

“ए, तो ठेव खाली! तो माझा कागद आहे.”

“नाव माझं आहे त्यात. सख्खी बहीण लिहिलंय बघ.”

तो माझ्यामागं पटांगणात आला. पिझ्झावाल्याच्या दारात मला आडवा झाला. चेहरा लालबुंद.

“तुला इथं आणायला मी इतकी वर्षं फाईल चालवली. ती ह्यासाठी?”

“आणलंस, नाही कशाला म्हणू? पण आणून लपवलंस. घरात राहणारी बाई बाहेर कुणाला सांगायची नाही, ही कुठली रीत?”

“एवढं सगळं कशासाठी, तर लायसनसाठी? अगं, केली असती सही!”

“कधी? मी इकडं हक्क सोडल्यावर? का तुझ्या वकिलानं हो म्हटल्यावर?”

वहिनीनं मला वकिलाचं सांगितलंय हे त्याला माहीत नव्हतं. मग त्यानं सगळ्यात जुनं हत्यार काढलं.

“आई असती तर काय वाटलं असतं तिला?”

“आईनं तुझ्याकडून वचन घेतलं होतं, दादा. तुझ्यावर भरवसा असता तर कशाला घेतलं असतं?”

हे मी बोलून गेले. खोटं नव्हतं, म्हणून मागं घेतलं नाही.

“उज्ज्वलाला काय सांगू मी?”

“सांग, पाहुणी गेली.”

“घरी कशानं येणार आहेस? हां? कोण आणणार आहे तुला?”

मी त्याच्या बाजूनं निघाले आणि चालायला लागले. मध्ये कपडे धुण्याचं दुकान होतं. काचेआड गोल गोल कपडे फिरत होते. मी मागं न बघता जोरातच चालले.

काउंटरवर डेनिसच होती. तिनं कागद वाचला, शिक्का बघितला, सही बघितली.

“हा त्या दिवशीचा भाऊ?”

“हो.”

“मीटिंग संपली वाटतं.”

मला हसू आलं आणि त्याच्यामागून रडू आलं. दोन्ही गिळलं.

“आजही ह्याच पत्त्यावर राहता ना?” डेनिसचं बोट कीबोर्डवर थांबलं होतं.

काचेतून दादाची गाडी दिसत होती. इंजिन चालू होतं, मागून धूर निघत होता. पुढच्या सीटवर त्यानं परत बॅग ठेवलेली होती. मी बघत असतानाच गाडी मागं आली, वळली आणि रस्त्याला लागली.

“आज राहते,” मी म्हटलं.

तिनं टाइप केलं. मग डोळे तपासले, परीक्षा झाली. दुपारी एका जाड्या साहेबाला शेजारी बसवून गाडी चालवून दाखवली. गाडीही रोझानंच दिली, दुकानाची; पटांगणातलं भांडण काचेतून बघून ती माझी चौकशी करायला आली होती. साहेबानं वहीवर खुणा केल्या आणि विचारलं, “आधी काय चालवायचात?” मी म्हटलं, “दूध.” त्याला काही कळलं नाही, पण पास केलं. फोटोला डेनिस म्हणाली, हसा. मी नाही हसले. त्या फोटोतली बाई आता बघितली तर मलासुद्धा तिची भीती वाटते.

संध्याकाळी रोझानंच मला दादाच्या घरी सोडलं. त्या आठवड्यात तिच्याच ओळखीत एक खोली मिळाली. सामान न्यायला मी हँकचा पिकअप घेऊन गेले. वहिनी दारात उभी होती. मी पिकअप मागं मागं घेत थेट तिच्या गराजपर्यंत नेला, एका झटक्यात. ती बाजूला झाली.

ह्याला आता सात वर्षं झाली. बायपास झाला. जमिनीचा भाव चढत गेला. सातबाऱ्यावर अजून दोन नावं आहेत. दादा अधूनमधून फोन करतो, आवाज दरवेळी थोडा आणखी मऊ. परवाच्या रविवारीही त्याचा फोन आला होता. मी रोपं भरून निघत होते, मागं सफरचंदाची झाडं बांधलेली.

“मालन, अगं त्या सहीचं काय करायचं? गिऱ्हाईक थांबायला तयार नाही.”

“आत्ता माझी डिलिव्हरी आहे,” मी म्हटलं. “नंतर बघू.”

“रविवारी कसली डिलिव्हरी?”

मी पिकअप गिअरमध्ये टाकला.

“तुला नाही कळायचं ते, दादा.”